पापनाशमची निवळी

तंजावूरला जाऊन मोठं देऊळ न बघता परत आलेली बाई म्हणून आमच्या शाळेत माझं नाव झालं आहे. देवळाचा कळस येता-जाता बसच्या खिडकीतून दिसला, मी मनातल्या मनात हात जोडले, तेवढंच दर्शन. "मग दिवाळीच्या सुट्टीत तिकडे जाऊन केलंत काय?" असं मुख्याध्यापकांनी विचारलं. "गढूळ पाणी बघत बसले होते," असं मी सांगितलं. त्यांना वाटलं, बाईंची नेहमीची थट्टा. थट्टा नव्हती. म्हणून हे सगळं नीट लिहून काढते आहे.

मी बार्शीला नववी-दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते. आमची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि त्या कपाटाची हरवलेली किल्ली. त्यामुळे मला घरच्या वस्तूंवर प्रयोग करायची खोड लागली. फुगे, सुईशिवायच्या सिरिंज, हळद, लिंबू, जास्वंदीची फुलं, जुन्या सीडी, असलं सगळं एका कापडी पिशवीत घेऊन मी वर्गात जाते. पोरं त्या पिशवीला 'बाईंचं गाठोडं' म्हणतात. या गाठोड्यामुळेच मला मागे म्हैसूरला शिक्षकांच्या एका शिबिरात बोलावलं होतं आणि तिथंच सुधा भेटली.

भेटली म्हणजे आधी ऐकू आली. जेवणाच्या रांगेत माझ्यामागे एक बाई फोनवर कुणाला तरी रागावत होती. चाल अस्सल तमिळ, प्रत्येक वाक्य शेवटी वर चढणारं, पण शब्द माझ्या ओळखीचे. "दूध फ्रिजांत ठेवा म्हणून सांगितलें की नाहीं? मंग बाहेर कां ठेवलां?" मी वळून म्हणाले, "अहो, तुम्ही मराठी?" तिनं फोन तसाच कानाला धरून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "मी तंजावूरची. तुम्ही कोठची?" रागावणं चाललं होतं ते नवऱ्याला, हे नंतर कळलं.

त्यानंतर आमचं फोनवर बोलणं सुरू झालं. ती तंजावूरजवळ पापनाशमच्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते, तमिळमधून. देवनागरी तिला वाचता येत नाही, मला तमिळ येत नाही, त्यामुळे आमचा सगळा पत्रव्यवहार बोलका. ती आवाज रेकॉर्ड करून पाठवायची, मीही तेच करायचे. गेल्या पावसाळ्यात तिचा असाच एक निरोप आला. "अक्का, दिवाळीला तुम्हांस सुट्टी, आम्हांस शाळा. या की. माझीं पोरें एकदां तरी खरा प्रयोग पाहूं देत."

'खरा प्रयोग' हे शब्द मला जरा खटकले. प्रयोग काय खोटेही असतात? पण मी तिकीट काढलं.

राजवाड्यामागची गल्ली

सुधाचं घर राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आहे. गल्लीत तीन-चार मराठी घरं, बाकी सगळी तमिळ, आणि बाहेरून कोणतं कुणाचं हे ओळखायची सोय नाही. सगळ्यांच्या दारात सारखीच तांदळाच्या पिठाची रांगोळी, तिला सगळेच कोलम म्हणतात. सुधाचे यजमान गोपाळराव सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आहेत. उंच, पांढरी वेष्टी म्हणजे तिकडचं धोतर, कपाळावर गंध. दारातच म्हणाले, "वांगो, वांगो! बैसा. प्रवास बरा झाला ना?" एका वाक्यात दोन भाषा आणि आमच्याकडे जुन्या कागदपत्रांतच उरलेलं ते 'बैसा'. मला एकदम आपल्याच कुणा जुन्या नातलगाकडे आल्यासारखं वाटलं.

गोपाळरावांचा एक गुण मला पहिल्या तासाभरातच कळला. 'मला ठाऊक नाही' हे वाक्य त्यांच्या कोशात नाही. बार्शी कुठं आहे हे त्यांनी मला सांगितलं. मी गप्प ऐकून घेतलं, कारण त्यांनी ती रत्नागिरीजवळ नेली होती आणि समुद्रकिनारा आम्हालाही हवाच आहे.

रात्री जेवायला डांगर पच्चडी आहे असं सुधानं सांगितलं. डांगर म्हणजे आमच्याकडे लाल भोपळा. मला भोपळा आवडत नाही, पण पाहुणीनं नाक मुरडायचं नसतं म्हणून मी मन घट्ट केलं. ताटात आलं ते दह्यात कालवलेलं उडदाचं पीठ, वर फोडणी, आणि असं चविष्ट की मी दोनदा मागून घेतलं. "भोपळा कुठंय?" मी विचारलं तर दोघं माझ्याकडे बघत राहिले. मग आमच्या डांगराचा खुलासा झाला आणि गोपाळराव म्हणाले, "तुमच्याकडे मराठी बिघडली, पाहा."

पापनाशम

सकाळी पॅसेंजरनं पापनाशमला गेलो. खिडकीबाहेर भातच भात, आणि पाऊस होऊन गेल्यामुळे प्रत्येक पाटातून चहाच्या रंगाचं पाणी धावत होतं. तिकडे खरा पाऊस दिवाळीच्या सुमाराला पडतो. बार्शीच्या बाईला एवढं पाणी बघून आधी आनंद होतो, मग जरा हेवा वाटतो.

शाळा स्टेशनपासून चालत जाण्याइतकी. शिक्षकांच्या खोलीत कोपऱ्यात मातीचा माठ होता. सुधानं पिशवी ठेवली, कपाटातून शर्टाच्या बटणाएवढं काहीतरी काढलं, थोडं पाणी घेऊन माठाच्या आतल्या बाजूला ते गोल गोल घासलं, वर पाणी भरलं आणि झाकण ठेवलं. मला वाटलं, काही व्रत वगैरे असेल.

"हे काय घातलंस?" मी विचारलं.

"निवळी," ती म्हणाली. "पावसांत विहिरीचें पाणी गढूळ येतें ना. तमिळांत तेत्तांकोट्टै म्हणतात. आमच्या घरीं निवळी."

मी ते बी हातात घेऊन बघत राहिले. पाणी निवळणं, वातावरण निवळणं, सगळं मी रोज म्हणते. वर्गात 'निवळणे' ही क्रिया फळ्यावर लिहून शिकवते. पण या शब्दाच्या पोटात एक खरंखुरं बी आहे, हे मला माहीत नव्हतं. आम्ही बी हरवून बसलो आणि क्रियापद तेवढं वापरतोय.

मग तिच्या वर्गात मागच्या बाकावर बसले. सुधा फार सुंदर शिकवते. मला तमिळ कळत नव्हतं, तरी धडा कळला, कारण ती फळ्यावर चित्र काढते. रंगीत खडूंनी तिनं चंचुपात्र काढलं, तिवई काढली, स्पिरिटचा दिवा काढला. काचेवरची चकाकीसुद्धा दिसत होती. पोरं मान वर करून बघत होती. मीही बघत होते आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. बऱ्याच वेळानं लक्षात आलं. पाणी उकळत होतं, बुडबुडे काढले होते, वाफ काढली होती, पण दिव्याला ज्योत नव्हती. नुसती पांढरी वात.

मधल्या सुट्टीत एक मुलगी आमच्यासाठी चहा घेऊन आली. मलर तिचं नाव, दहावीची, दोन वेण्या, चुणचुणीत. सगळ्या मुलींच्या बाह्या कोपरापर्यंत होत्या, हिची डावी बाही मात्र मनगटापर्यंत होती. तिनं कप ठेवताना बाही वर सरकली आणि मला ते चट्टे दिसले. सुधानं तिकडं पाहिलं नाही. ती खिडकीबाहेर बघत होती.

मलर गेल्यावर तिनं आपणहून सांगितलं. ही पोर आठवीत होती, सुधा तेव्हा आठवीलाही शिकवायची. तिच्या तासाला प्रयोग चालू होता, गर्दी झाली, कुणाचा तरी धक्का लागला, स्पिरिटचा दिवा आडवा झाला. मलर सगळ्यांत पुढं उभी होती. "माझ्या डोळ्यांसमोर, अक्का. मी चारच पावलांवर होतें." कुणी तिला बोल लावला नाही. मलरचे आई-वडील तर उलट तिच्याच घरी फळं घेऊन आले होते, बाईंनी जेवण सोडलंय असं ऐकून. पण त्या दिवसापासून सुधानं प्रयोगाच्या वस्तूंना हात लावला नाही. फळ्यावर काढते. प्रात्यक्षिकं दुसऱ्या एक तरुण बाई घेतात. त्या आता बाळंतपणाच्या रजेवर चालल्या होत्या. म्हणजे आता प्रात्यक्षिकं सुधानं घ्यायची, नाहीतर दहावीचं विज्ञान सोडायचं.

"मंग?" मी विचारलं. एका दिवसात माझं 'मग'चं 'मंग' झालं होतं.

"सोडतें म्हणून सांगणार आहे. पुढच्या सोमवारीं," ती म्हणाली. "म्हणून तुम्हांस बोलाविलें. मी सोडण्याआधीं पोरांनीं माझ्या तासाला एकदां कोणाच्या तरी हातून पाहावें."

मला 'खरा प्रयोग' हे शब्द का खटकले होते, ते तेव्हा उलगडलं. मला तिला काहीतरी समजूतदार सांगायचं होतं. मी तिचा हात धरला तर तो बर्फासारखा गार होता.

त्या दुपारी मी गाठोडं उघडलं. हळदीचे कागद केले, त्यांवर साबणाचं पाणी टाकलं की लाल होतात आणि लिंबू पिळलं की पुन्हा पिवळे. हा प्रयोग मी इतक्यांदा केला आहे की झोपेतही करीन. कुंपणावरची गोकर्णाची निळी फुलं चुरून मुलांनी त्यांच्या रसात लिंबू पिळलं आणि तो जांभळा होताना बघून आरडाओरडा केला. सुधा भाषांतर करत होती, पण दाराशी उभं राहून, हात पाठीमागे बांधून. मी मुद्दाम तिला लिंबू धरायला दिलं. तिनं ते मलरच्या हातात दिलं आणि पुन्हा दाराशी गेली.

पावसाची सुट्टी

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून असा पाऊस लागला की कलेक्टरनं शाळांना सुट्टी जाहीर केली. पावसासाठी सुट्टी! आमच्याकडे पाऊस आला तर मुलं शाळेच्या ओसरीवर नाचतात. माझ्या हातात एकच दिवस उरला होता आणि मी चिडचिडत होते. आज तरी देवळात जाऊ, असं गोपाळराव म्हणाले, पण गल्लीत घोट्याएवढं पाणी होतं. मग आम्ही डबरा-तंबळरमधून, म्हणजे तिकडच्या वाटी-पेल्यातून, कॉफी पीत बसलो. तो कॉफीचा पेला वरून खाली, खालून वर ओतायचा प्रकार मला काही जमला नाही. माझ्या साडीनं निम्मी कॉफी प्यायली. "बाष्पीभवनानें थंड होतें," असं सुधा गंभीरपणे म्हणाली, आणि आम्ही दोघी खूप हसलो. ती हसली की अगदी कॉलेजातली पोरगी दिसते.

शेवटच्या दिवशी मी पाणी स्वच्छ करायचा प्रयोग ठरवला होता. गढूळ पाण्याला तिकडे तोटा नव्हता. तुरटी मात्र मी बार्शीला ओट्यावरच विसरून आले होते. दुपारी पाऊस थोडा थांबला तेव्हा सुधा स्वयंपाकात होती, म्हणून मी गोपाळरावांना विचारलं, "इथं तुरटी मिळेल का?"

"तुरटी? ठाव आहे की," ते म्हणाले. "या माझ्याबरोबर."

गल्लीच्या तोंडाशी झाडपाल्याच्या औषधांचं दुकान आहे. सगळीकडे मुळं, साली, बिया, आणि एक असा वास की नाकातली सर्दी आपण होऊन निघून जाते. गोपाळरावांनी दुकानदाराला तमिळमधून बराच वेळ समजावलं. हातानं दगड दाखवला, पांढरं दाखवलं, पाण्यात विरघळतं असंही दाखवलं असावं. दुकानदारानं मान डोलावून एक पुडी बांधून दिली. मी वरून दाबून पाहिली. खडे होते. "पाहिलां?" गोपाळराव म्हणाले, "विचारलें की मिळतें." मी पुडी गाठोड्यात टाकली.

कुठलाही प्रयोग वर्गात नेण्याआधी घरी करून बघा, असं मी नव्या शिक्षकांना दर शिबिरात बजावत असते. तेव्हा माझा आवाजही जरा चढतो.

वर्ग

सकाळी ऊन पडलं होतं. मुलांनी शाळेमागच्या पाटातून बादली भरून आणली. काचेच्या दोन बरण्यांत ते पाणी ओतलं, मागचं काही म्हणता काही दिसेना. मी पुडी सोडली, चमकदार पांढरा खडा उचलून सगळ्यांना दाखवला, 'तुरटी' हा शब्द म्हणून घेतला आणि ऐटीत एका बरणीत फिरवला. दुसरी बरणी तुलनेसाठी तशीच ठेवली. आता थांबायचं, मी म्हणाले. सुधानं दारातून भाषांतर केलं.

आम्ही थांबलो. बरणीतलं पाणी जसंच्या तसं. मी आणखी एक खडा फिरवला. मुलं सभ्यपणे वाट पाहत होती. मी आणखी फिरवला, ढवळलं, मनातल्या मनात देवाचा धावा केला. पाणी ढिम्म.

पहिल्या बाकावरच्या मुलीनं टेबलाकडे बोट दाखवून काहीतरी म्हटलं. मी वाकून पाहिलं. टेबलाच्या पायावरून मुंग्यांची रांग थेट माझ्या पुडीत चालली होती.

मलर उठून पुढे आली, खडा उचलला, नाकाशी धरला आणि मोठ्यानं म्हणाली, "मिस, कल्कंडु!"

खडीसाखर! मी ऐटीत गढूळ पाण्याचं सरबत केलं होतं. सगळा वर्ग फुटला. पोरं बाकांवर डोकी ठेवून हसत होती, मी हसत होते, आणि दाराशी सुधा पोट धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अय्यो अक्का! हें आमच्या यांचें काम!" एवढंच तिला बोलता आलं.

आणि मग हसता हसताच ती वळून निघून गेली. मला वाटलं, तोंड धुवायला गेली असेल. ती परत आली तेव्हा तिच्या एका हातात निवळीच्या बिया होत्या, दुसऱ्या हातात एक खरबरीत दगड. सरळ टेबलापाशी आली, मला कोपरानं बाजूला सारलं, दगडावर पाण्याचे थेंब टाकले आणि बी घासायला लागली. तिनं काही ठरवलं नव्हतं. घरात कुणी भांडं चुकीचं धरलं की आपण कसं पुढे होऊन हातातून घेतो, तसं तिनं ते घेतलं होतं.

दगडावर पांढरट गंध उगाळलं गेलं. मुलं जागेवरून उठून जवळ आली, टेबलाभोवती गोळा झाली. तेव्हा तिला कळलं आपण कुठं उभे आहोत ते. तिचा हात थांबला. मुलं चहूबाजूंनी, पुढं टेबल, आणि सगळ्यांत पुढे, अगदी तेव्हासारखीच, मलर.

बी आणि दगड. यात पेटणारं, भाजणारं काही नाही, हे तिलाही माहीत होतं. पण ती एकेक करून सगळ्या मुलांकडे बघत होती, जणू कुणाला किती लांब उभं करावं ते मापत होती. मी पुढं होणार होते. त्याआधी मलरनं डावी बाही कोपरापर्यंत दुमडली. शाळेत ती बाही तिनं कधीच वर केली नव्हती, हे मला सुधानं नंतर सांगितलं. तो भाजलेला हात तिनं पुढे केला, तळवा वर करून.

"कुडुंगो, मिस," ती म्हणाली. द्या.

सुधानं बी तिच्या तळव्यावर ठेवलं. मलर उगाळायला लागली. सुधा तिच्या हातावर आपला हात धरून उभी राहिली, न टेकवता, वर थोडं अंतर ठेवून. मला ते बघवत नव्हतं आणि नजरही काढवत नव्हती.

मग ते गंध दुसऱ्या बरणीत ढवळून सोडलं. पाणी गोल फिरून मंदावलं. एवढ्यात एका पोराला राहवलं नाही, त्यानं बरणी हलवायला हात घातला.

"हलवूं नका!" सुधा ओरडली. "थांबा! निवळूं द्या!"

पोरं तिच्या तोंडाकडे बघायला लागली. तिला कळेना काय झालं, आणि मग तिनं तोंडावर हात ठेवला. ती मराठीत बोलली होती. इतक्या वर्षांत या शाळेत मुलांशी बोलताना तिच्या तोंडून मराठीचा एक शब्द गेला नव्हता. घरची भाषा घरी, शाळेची शाळेत, असा तिचा शिरस्ता. घाबरल्यावर माणूस घरच्या भाषेत ओरडतं, तसं झालं होतं.

मलरनं तिला काहीतरी विचारलं. "अक्कांची भाषा तुमच्या तोंडीं कशी म्हणून विचारते," सुधा मला म्हणाली, आणि मग मुलांकडे वळून तमिळमध्ये बराच वेळ बोलली. मला त्यातले 'मराठी', 'वीट्टुल' एवढेच शब्द कळले. वीट्टुल म्हणजे घरात. निवळूं द्या म्हणजे काय, हेही तिनं सांगितलं असणार, कारण पोरांनी लगेच ते शब्द तोंडात घोळवायला सुरुवात केली. तमिळ पोरांच्या जिभेवरचा तो 'ळ' काय सुरेख! आमच्या शाळेत निम्म्या पोरांना तो नीट म्हणता येत नाही.

आम्ही वाट पाहिली. आधी पाण्यात बारीक बारीक कण दिसायला लागले, मग ते एकमेकांना धरून खाली बसायला लागले. वरच्या काठाशी एक पातळ स्वच्छ पट्टी आली. ती रुंदावत गेली. जेवणाची घंटा झाली तरी कुणी हललं नाही. सुधा खडू हातात घेऊन विचारत होती, मुलं उत्तरं देत होती, बहुधा कणांवर कोणता भार असतो, ते एकत्र का येतात, असं काहीतरी. ती टेबलाजवळ उभी होती. दाराजवळ नाही. जेवून परत आल्यावर बरणीच्या पलीकडे धरलेला मलरचा हात आरपार दिसत होता, त्यावरच्या प्रत्येक चट्ट्यासकट. शेजारच्या बरणीत माझं सरबत तसंच गढूळ होतं. आता त्यात मुंग्याही होत्या.

परत

संध्याकाळची गाडी होती. देऊळ राहिलंच. स्टेशनवर गोपाळरावांनी मला फराळाचा डबा दिला आणि खडीसाखरेचा विषय काढू दिला नाही. फक्त एकदा म्हणाले, "त्या दुकानदारास कांहीं कळत नाहीं." सुधानं निवळीच्या बियांची पुडी माझ्या पर्समध्ये घातली. सोमवारी ती काय सांगणार, हे मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. गाडी हलली तशी ती खिडकीबरोबर थोडं चालली आणि माझा हात दाबला. या वेळी तिचा हात गरम होता.

बार्शीला आल्यावर मी टँकरच्या पाण्यात निवळी उगाळून मुलांना दाखवली. फार छान झालं. सुधाला निरोप पाठवला, तिचा जबाब आला नाही. सोमवार गेला, आणखी एक सोमवार गेला. मी रोज फोन बघायचे आणि स्वतःलाच सांगायचे, बाई, हलवू नकोस.

मग एका दुपारी, मी उत्तरपत्रिका तपासत होते तेव्हा, तिचा आवाजाचा निरोप आला. मी तो कानाला लावला. आधी नुसती वर्गाची कुजबुज. मग काडेपेटीवर काडी ओढल्याचा आवाज. पेटली नाही. पुन्हा ओढली. पुन्हा नाही. मग बराच वेळ काहीच नाही, फक्त कुणाचा तरी श्वास, आणि तो श्वास मी ओळखला. त्या शांततेत मलरचा आवाज आला, आणि तिच्यामागे सगळ्या वर्गाचा, एका सुरात, वाक्याच्या शेवटी वर चढत जाणारा,

"निवळूं द्या, मिस! निवळूं द्या!"

सुधा हसली. रडतही असावी. मी तर रडतच होते, उत्तरपत्रिकांवर थेंब पडत होते. पुन्हा काडी ओढली गेली. या वेळी पेटली. एक काडी पेटल्याचा आवाज एवढा मोठा असतो, हे इतकी वर्षं विज्ञान शिकवूनही मला ठाऊक नव्हतं.